रुग्ण आला नाही

कुंदा राजूरकरांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला. नातलग ही सगळी गोष्ट 'नशीब' या एका शब्दात गुंडाळून टाकतात. हा शब्द कोणी कुंदाताईंच्या समोर काढला, की त्या हातातलं काम बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "नशीब कशाला मधे आणता? तारीखवार सांगते, बसा." आणि खरंच तारीखवार सांगतात. ऐकणारा पहिल्या पाच मिनिटांतच घड्याळाकडे बघायला लागतो, पण त्या सोडत नाहीत.

त्या मूळच्या बाळापूरच्या, शाळामास्तरांची लेक. लग्न होऊन अमरावतीला आल्या त्या वकिलाच्या घरात. नवरा रविकांत राजूरकर, दिवाणी वकील. शेताच्या धुऱ्या-बांधाची भांडणं, वाटणीचे दावे, विहिरीच्या पाण्याचे हक्क, हे त्यांचं क्षेत्र. रुक्मिणीनगरातल्या घराची पुढची खोली म्हणजेच कचेरी. लग्नानंतर दोन वर्षांनी कुंदाताईंनी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आणि पुढची तीस वर्षं नवऱ्याचे दावे, जबाब, अर्ज त्यांच्याच बोटांखालून गेले. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं आणि कागदावर चढलेलं मात्र माणसाच्या मागे लागतं, हे त्या तिथे शिकल्या. राग म्हणाल तर तो त्यांच्यात कोणी पाहिलाच नव्हता. शांत बाई, अशी त्यांची ख्याती. फार झालं तर बोलण्यात बाळापूरची बोली डोकवायची, एवढंच.

२०१७ साली एका सुनावणीत रविकांत उभे राहिले आणि त्यांनी समोरच्या पक्षाची बाजू मांडली. चांगली मांडली. त्यांचा स्वतःचा अशील तोंड उघडं टाकून बघत राहिला. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि बाररूममध्ये बरेच दिवस हसणं चाललं. कुंदाताईंना हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात ते घराच्या फाटकापाशी उभं राहून 'राजूरकर वकिलांचं घर कोणतं' असं विचारत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. औषधानं थोडं सावरेल, म्हणाले, पण उतार हा उतारच.

कुंदाताईंचं स्वतःचंही एक दुखणं होतं, पण ते ताब्यात होतं. त्यांच्या आईची दृष्टी काचबिंदूनं गेली होती, म्हणून या लेकीनं पन्नाशीतच डोळे तपासून घेतले. डोळ्यातला दाब वाढत होता. अकोल्याच्या ज्या डॉक्टरबाईंनी आईवर उपचार केले होते, त्यांच्याकडेच ही जाऊ लागली. रोज ठरल्या वेळी थेंब आणि दर चार महिन्यांनी अकोल्याची फेरी. त्या दिवशी रविकांतना सांभाळायला चंदा असायची. चंदा अंजनगाव सुर्जीकडची, नवऱ्यामागे अमरावतीत खोली करून राहिलेली. रोज सकाळी चार तास यायची. वकीलसाहेबांना अंघोळ घालायची, केस विंचरायची आणि "साहेब, आज कोर्टाले सुट्टी हाये" हे दिवसातून वीस वेळा न चिडता सांगायची. त्या चार तासांवर कुंदाताईंचा संसार उभा होता.

२० फेब्रुवारी २०२०. कुंदाताईंच्या तारखा इथून सुरू होतात. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी दाब मोजला आणि त्या गंभीर झाल्या. "औषध बदलतेय. सहा आठवड्यांनी परत दाखवा. दाब उतरला नाही तर ऑपरेशन करावं लागेल. आणि कुंदाताई, हे टाळायचं नाही. गेलेली नजर परत येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. आईला त्यांनी हात धरून संडासापर्यंत नेलं होतं.

सहा आठवडे म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. मार्चच्या शेवटी देशाला कुलूप लागलं.

पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेसातला चंदाचा फोन आला. "काकू, मी गेटवर हावो. वामनराव आत येऊ देत नाईत. म्हनतात, कामवाल्या बाया बंद. मी म्हनलं, साहेबाले कोन पायनार? तर म्हने, घरचे पायतील."

वामनराव कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी. कुंदाताई तशाच ओल्या हातानं गेटवर गेल्या. वामनराव हातभर लांब उभे राहिले.

"नियम सगळ्यांना एकच, कुंदाताई."

"ती भांडी घासायला येत नाही. यांच्यासाठी येते. यांना एक मिनिट एकटं ठेवता येत नाही."

"तुम्ही आहात ना घरी? आता तर सगळेच घरी आहेत."

"तुमच्याकडे दूधवाला येतो."

"दूध अत्यावश्यक आहे."

त्या दिवशी हा शब्द कुंदाताईंनी पहिल्यांदा ऐकला. पुढे वर्षभर तो त्यांना इतक्या तोंडांतून ऐकू आला, की वर्तमानपत्रात छापलेला दिसला तरी त्यांचे दात आपोआप आवळले जात. चंदा पंधरा दिवस गेटपर्यंत येऊन परत गेली. मग तिच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि ती दोघं चालत अंजनगावला गेली. तिथे पानमळ्यात तिला काम मिळालं. ती पुन्हा आली नाही, आणि तिनं यावं तरी कशाला?

मग सुरू झालं ते चोवीस तासांचं. रविकांत सकाळी सहाला उठून काळा कोट मागायचे. कोट दिला नाही तर आरडाओरडा, दिला तर दाराकडे धाव. लोकांच्या तोंडावरचे मास्क बघून त्यांना भीती वाटायची. चोर आलेत, म्हणायचे. स्वतःच्या तोंडावर मास्क बांधला तर ओरबाडून काढायचे आणि चावायचेसुद्धा. कुंदाताई थेंब घालायला मान वर करून बसल्या, की तेवढ्यात स्वयंपाकघरातला गॅस सुरू झाल्याचा वास यायचा. थेंब गालावरून ओघळून जायचा. कधी बाटलीच सापडायची नाही. एकदा ती कोर्टाच्या जुन्या फायलींत निघाली, वर 'पुरावा' असं लिहून. त्या वेळी त्यांना हसू आलं. पुढे त्या हसण्याचाही त्यांना राग आला.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्या अंघोळीला गेल्या. पाच मिनिटं. बाहेर आल्या तर मागचं दार सताड उघडं. ओल्या केसांनी, अनवाणी, तापलेल्या डांबरावरून त्या धावत सुटल्या. नाक्यावर चार माणसं आपापल्या गेटच्या आत उभी राहून बघत होती. मध्ये काळ्या कोटातले रविकांत, कान धरून, उठाबशा काढत होते. शेजारी शिपाई काठी टेकून उभा. रविकांत मोठ्यानं मोजत होते, "अकरा... बारा... बारा..." आणि बारानंतर काय येतं ते त्यांना आठवत नव्हतं, म्हणून ते पुन्हा बाराच म्हणत होते.

"अरे, काय करून राहिला तू?" कुंदाताईंचा आवाज असा निघाला की शिपाई दचकला. "पस्तीस वर्षं वकिली केली या माणसानं! तुझ्यासारख्याचे बाप यांच्या पायरीवर बसत होते!"

"मास्क नाही बाई. विचारलं तर म्हणतात, कोर्टात चाललो."

"त्यांले समजत नाही! आजारी आहे तो माणूस! तुले डोळे नाहीत का?"

शिपाई जरा नरमला. "आजारी आहेत तर घरात ठेवा ना," म्हणाला.

घरात ठेवा. कुंदाताईंनी रविकांतचा हात धरला. अनवाणी धावून त्यांच्या स्वतःच्या तळव्यांना फोड आले होते, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं. रविकांत वाटभर सांगत होते की न्यायाधीश नवीन दिसतात, जरा कडक आहेत. गेटमागच्या चारांपैकी एकानंही 'काय झालं' म्हणून विचारलं नाही.

जूनमध्ये त्यांनी अकोल्याला जाण्याच्या पाससाठी अर्ज केला. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर पास लागायचा. अर्ज लिहिणं हा त्यांच्या हातचा मळ. काचबिंदू, वाढलेला दाब, उलटून गेलेली तपासणीची तारीख, सोबत सांभाळावा लागणारा रुग्ण, सगळं मुद्देसूद. उत्तर तीन शब्दांचं आलं: 'कारण तातडीचे नाही.' डॉक्टरांची चिठ्ठी जोडून दुसरा अर्ज केला. तेच तीन शब्द. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतली मंडळी पास काढून यवतमाळला लग्नाला जाऊन आली आणि कॉलनीत पेढे वाटले. पेढा आणणाऱ्या बाईंना कुंदाताईंनी दारातूनच परत पाठवलं. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला उघड उद्धटपणा.

अकोल्याचा दवाखाना तर मधले काही महिने बंदच होता. फोन उचलणारा माणूस म्हणायचा, बाई स्वतः आजारी आहेत, थेंब चालू ठेवा. ऑगस्टमध्ये त्या अमरावतीतल्याच एका नेत्रालयात गेल्या, अर्थात रविकांतना घेऊनच. दारावरच्या माणसानं कपाळावर तापमापक रोखलं.

"पेशंट एकटाच आत. सोबतच्यानं बाहेर थांबायचं."

"पेशंट मी आहे. हे एकटे थांबू शकत नाहीत."

"मग यांना कुठेतरी ठेवून या."

"कुठे ठेवू? त्या चपलांच्या रॅकवर?"

"मॅडम, आवाज वाढवू नका. नियम आहे."

आत काचेमागे बसलेल्या मुलीनं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. रविकांतनी तोवर मास्क काढून खिशात ठेवला होता. दोघांना पायऱ्यांखाली उतरवण्यात आलं.

घरचे होते, नव्हते असं नाही. मुलगा गौरांग कॅनडात. दर रविवारी व्हिडिओवर यायचा. "आई, काळजी घे गं," म्हणायचा आणि त्याचे डोळे भरायचे. त्यानं बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र पाठवलं. "तुझ्या डोळ्याचं काय?" हे त्यानं एकदा विचारलं होतं, जुलैत. विमानं बंद होती हे खरंच. पण विमानं सुरू झाल्यावरही त्याची कारणं सुरूच राहिली.

आणि होते श्यामकांत, रविकांतचे धाकटे भाऊ, कुंदाताईंचे दीर. अकोल्याच्या जठारपेठेत स्वतःचं घर, कॉलेजातून निवृत्त. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते वटपौर्णिमेला वडाचं चित्र टाकून लिहायचे, 'आमच्या वहिनी म्हणजे आजच्या सावित्री.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागायची. कुंदाताईंनी त्यांना सप्टेंबरात फोन केला.

"भाऊजी, दोन दिवस इकडे या. किंवा मी यांना घेऊन तिकडे येते, एक दिवस सांभाळा. डोळा दाखवायचा आहे."

"वहिनी, मी आलोच असतो हो. पण सीमाला शुगर. दादा मास्क लावत नाही. उद्या काही झालं तर?"

दिवाळीच्या आधी एसट्या सुरळीत झाल्या, तेव्हा पुन्हा फोन केला. "दिवाळी होऊ द्या," श्यामकांत म्हणाले. दिवाळी झाली. "थंडी ओसरू द्या, थंडीत तो पसरतो म्हणतात." थंडी ओसरायला लागली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. कुंदाताई अंगणात उन्हात बसून तुरीची डाळ निवडत होत्या. डाव्या बाजूनं रविकांत केव्हा आले ते त्यांना दिसलंच नाही. ते थेट सुपावर पाय देऊन पुढे गेले, डाळ सगळीकडे उधळली. एवढा धिप्पाड माणूस शेजारून येतो आणि आपल्याला दिसत नाही? गेले काही दिवस चौकटीला डावा खांदा आपटत होता. चहा कपाच्या बाहेर पडत होता. थकवा आहे म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

अंगण नाहीसं झालं. नाकाच्या बाजूला एक राखाडी फट उरली होती. त्या फटीतून तुळशीचा एक कोपरा दिसत होता, बाकी काही नाही.

सांडलेली डाळ त्यांनी भरली नाही. बराच वेळ तशाच हात धरून बसल्या, आणि रविकांत त्यांच्यापुढे डाळ तुडवत फेऱ्या मारत राहिले. उठल्या तेव्हा त्यांनी एक ठरवलं होतं, आणि या वेळी कोणाला विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रविकांतना काळा कोट स्वतःहून घातला. "आज अकोल्याच्या कोर्टात तारीख आहे," म्हणाल्या. रविकांत एवढे खूश झाले की एसटीत बडनेऱ्यापर्यंत शहाण्यासारखे बसले. मूर्तिजापूरला त्यांना उतरायचं होतं. कुंदाताईंनी त्यांचा कोट मुठीत धरून ठेवला. मागच्या बाकावरचा माणूस मास्कवरून काही बोलायला लागला. त्यांनी वळून नुसतं पाहिलं, तर तो गप्प झाला.

जठारपेठेत श्यामकांतनी दार उघडलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

"वहिनी! अहो, फोन तरी करायचा."

"सप्टेंबरपासून केला."

"नाही, पण असं अचानक... दादांना मास्क..."

"हे तुमचे दादा," कुंदाताई म्हणाल्या. "ही यांच्या गोळ्यांची पिशवी, चिठ्ठी आत आहे. दर दोन तासांनी संडासला न्यायचं, सांगून जात नाहीत. भात मऊ लागतो. चिडले तर वाद घालायचा नाही, पुढची तारीख द्यायची. मी डोळ्याच्या डॉक्टरकडे चालले."

आतून सीमा आली. पदर नाकाला लावून म्हणाली, "ताई, हे काय? आम्हाला कसं जमेल? जरा विचार करायचा होता."

"केला सीमा. अकरा महिने तोच करत होते." आणि त्या फाटकाबाहेर पडून रिक्षात बसल्या. पाठीमागे रविकांत विचारत होते, "श्याम, आपली केस कितवी आहे?" लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत नवऱ्याकडे पाठ करून त्या पहिल्यांदाच अशा निघाल्या होत्या.

डॉक्टरबाई आजारातून उठल्या होत्या, वाळल्या होत्या. त्यांनी दाब मोजला, यंत्रात डोळा घालून बराच वेळ पाहिलं, एक तपासणी करवली, मग दुसरी. शेवटी खुर्ची मागे घेतली.

"डावा गेला आहे, कुंदाताई. नस सुकली. उजव्याचं बरंच नुकसान झालंय, पण तो वाचवता येईल. ऑपरेशन परवाच करू." आणि मग, दुःखानंच, पण त्या बोलून गेल्या, "अकरा महिने? अहो, कुठे होतात तुम्ही? आईचं एवढं बघूनही?"

इथे कुंदाताईंचा बांध फुटला. दवाखान्यातली माणसं अजूनही ते सांगतात.

"कुठे होते विचारता? घरात होते! घरात ठेवा म्हणाले ना सगळे? पास मागितला, कारण तातडीचं नाही म्हणाले. तुमच्याकडे फोन केला, थेंब घाला म्हणाले. दवाखान्यात गेले, नवऱ्याले रस्त्यावर सोडून ये म्हणाले. कोरोना झाला असता तर चार माणसं पांढरे कपडे घालून न्यायला आली असती. मले कोरोना झाला नाही, हाच माझा गुन्हा का?"

कुंदाताईंची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. उजव्या डोळ्यानं त्यांनी तो जवळ घेऊन वाचला. टंकलेखिकेची सवय. एप्रिल २०२० च्या ओळीत लिहिलं होतं: 'रुग्ण तपासणीस आला नाही.' ऑगस्टच्या ओळीत तेच. डिसेंबरच्या ओळीतही तेच.

"हे कोणी लिहिलं?"

"ती पद्धत असते. तारीख दिली आणि पेशंट आला नाही, तर..."

"खोडा ते."

"कुंदाताई, रेकॉर्ड खोडता येत नाही."

"मग खाली लिहा. मी सांगते तसं. रुग्ण येऊ शकला नाही, कारण त्याला येऊ दिलं नाही. पास दोनदा नाकारला. घरी डिमेन्शियाचा रुग्ण, मदतनीस बंद. दवाखाना बंद. हे कागद उद्या कोणी पाहील, तर त्याले वाटेल, बाई निष्काळजी होती. मी निष्काळजी नव्हती. लिहा."

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. 'दवाखाना बंद' हे शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले, खाली सही केली, आणि त्या वेळी त्यांचे डोळे ओले होते. कुंदाताईंनी प्रत मागून घेतली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पाहिलं, पण समजूत घालायला त्या पुढे झाल्या नाहीत. वर्षभर त्यांनी सगळ्यांच्याच समजुती घातल्या होत्या.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. म्हणजे रविकांतना हात लावायचा नाही. त्या जठारपेठेतच राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या डोळ्यावर जाळी बांधून पडल्या होत्या, तर कुठूनतरी थपथप आवाज येत होता. उठून भिंत धरत गेल्या. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून रविकांत दार वाजवत होते आणि म्हणत होते, "शिपाई! अहो शिपाई! जामीन झाला ना?"

कडी काढताच ते बाहेर आले. धोतर ओलं, कपाळ दारावर आपटून लाल झालेलं. श्यामकांत दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसले होते, दोन्ही हातांत डोकं.

"तुमी कोंडलं त्यांले?"

"एक तास, वहिनी. फक्त एक तास झोप हवी होती." श्यामकांतचा आवाज फुटला. "दादा मला ओळखत नाही. सकाळी थोबाडीत मारली. मी त्याच्या हाताला धरून शाळेत गेलो हो. मला नाही जमत. खरंच नाही जमत."

"मले जमत होतं, असं कोण म्हणालं तुमाले?" कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या, पण सीमा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन थबकली. "वडाचे फोटो टाकले तुमी. सावित्री म्हणाले. सावित्रीले कोणी विचारलं, बाई, तू जेवली का? तुले दिसते का? आठवडाही झाला नाही, तुमी कडी लावली. अकरा महिने मी कडी लावली नाही, अन् माझा डोळा गेला. लावली असती तर डोळा राहिला असता. सांगा, काय करायले पाहिजे होतं मी?"

श्यामकांत रडत होते. सीमानं बादली आणली, फडकं आणलं, आणि जमीन पुसायला घेतली.

पंधरा दिवस संपत आले, तोच अमरावतीत आकडे चढले आणि शहर पुन्हा बंद झालं. परतायची सोय राहिली नाही. त्यामुळे श्यामकांतना भाऊ सांभाळावाच लागला, पुढचे चाळीस दिवस. हळूहळू ते शिकले. जेवणाआधी कोर्टाच्या पुकाऱ्यासारखं "राजूरकर वकील हाजिर हो!" म्हटलं, की दादा ताटावर येतात, हे त्यांनीच शोधलं. त्यांचं वजन उतरलं. एका सकाळी त्यांना उठताना चक्कर आली.

"तुमच्या प्रेशरच्या गोळ्या घेता का?" कुंदाताईंनी विचारलं.

श्यामकांत गोंधळले. "आठवडाभर... राहूनच गेलं."

"असंच राहून जातं," त्या म्हणाल्या आणि डबीतून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

त्यानंतर श्यामकांत दर महिन्याला आठ दिवस अमरावतीला येऊ लागले. वडाचं चित्र पुन्हा टाकलं नाही. सीमा मात्र आजही कुंदाताईंशी कामापुरतंच बोलते. तिच्या दारात न विचारता माणूस टाकून गेल्या, हे ती विसरलेली नाही, आणि कुंदाताईंनाही ते तिनं विसरावं असं वाटत नाही.

रविकांत सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूमोनियानं गेले. वकील मंडळींनी शोकसभा घेतली. एक ज्येष्ठ वकील बोलायला उठले आणि भारावून म्हणाले, "कुंदाताईंनी पतीच्या सेवेत आपला डोळासुद्धा अर्पण केला. अशी समर्पणाची उदाहरणं आता दुर्मिळ." कोणीतरी टाळी वाजवली.

कुंदाताई पहिल्या रांगेतून उठल्या. उजव्या डोळ्यालाही आता कडेचं दिसत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांकडे बघायला त्यांना मान पूर्ण वळवावी लागली, आणि त्यांनी ती वळवली.

"मी काही अर्पण केलं नाही. डोळा मला हवा होता. वेळेवर चार तासांची मदत मिळाली असती, तर तो आज असता. यांची सेवा मी केली, ती मला नको होती असंही नाही. पण माझा डोळा तिच्यात धरू नका. त्याचं देणं ज्यांच्याकडे निघतं, त्यांच्याकडे मागा." त्या खाली बसल्या.

सभागृहात कोणी खाकरलं, मग चहा आला. नंतर लोक म्हणाले, बाई कडवट झाली. शोकसभेत असं बोलतात का?

चहाच्या वेळी एक बाई भिंतीकडेनं त्यांच्याजवळ आली. नितेश नावाच्या वकिलाची बायको, अबोली. चाळिशीच्या आसपासची. घरी सासू, तिलाही विसरण्याचाच आजार. "मावशी," ती इकडे तिकडे बघत म्हणाली, "मला सात महिने झाले, अंगावरून फार जातं. डॉक्टरांनी गर्भाशयाची तपासणी करायला सांगितली होती. पण आईंना सोडून..."

"गुरुवारी मी तुझ्याकडे येते. दहा वाजता. तू दवाखान्यात जायचं."

"अहो, तुम्ही कशाला? तुमचे उपकार..."

"उपकार म्हणशील तर येणार नाही."

कुंदाताई गुरुवारी गेल्या. अबोलीची सासू त्यांना आपली बहीण समजली आणि दुपारभर लहानपणीच्या भांडणांचा जाब विचारत राहिली. तपासणीत काही निघालं, त्यावर उपचार सुरू झाले, अजून चालू आहेत. आता अशी तीन घरं झालीत. कुंदाताई हे कोणाला सांगत नाहीत आणि एका वर्तमानपत्राचा माणूस 'सेवाभावी आजी' असं काही छापायला आला, तेव्हा त्याला त्यांनी पासच्या दोन नकारांच्या प्रती हातात दिल्या, आणि हे छाप म्हणाल्या. त्यानं छापलं नाही.

गेल्या गुरुवारी साडेदहा वाजले तरी अबोली घरातून निघेना. पुण्याहून नणंद आली होती, स्वयंपाक व्हायचा होता.

"मावशी, पुढच्या गुरुवारी जाते ना. आज पाहुणे..."

"पाहुणी कुठे आहे?"

"आत, आराम करतेय. प्रवासानं दमली."

कुंदाताई उठल्या, चौकट हातानं चाचपत आतल्या खोलीच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "उठा बाई. बाहेर बसलीय ती तुमची आई आहे. तिची वहिनी दवाखान्यात चालली." 'सून' म्हणायचं होतं, शब्द चुकला, हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी तो सुधारला नाही. "कणीक कुठे आहे ते मी दाखवते."

नणंद गोंधळून उठून बसली. अबोली अजून दारातच घुटमळत होती.

"तू काहून उभी आहेस?" कुंदाताई ओरडल्या. "जा!"